माझ्या वतीने कोण बोलणार?

मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या आवारात, मग ती छत्रपती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो की नांदेड-लातूरचा एखादा खासगी दवाखाना असो, अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांचा एक घोळका हमखास दिसतो. आत माणूस बेशुद्ध असतो आणि त्याचे पुढे काय करायचे याची चर्चा बाहेर चाललेली असते. मोठा मुलगा बोलतो, जावई बोलतो, ओळखीच्या डॉक्टरांचा फोन नंबर ज्याच्याकडे आहे तो चुलतभाऊ सर्वांत जास्त बोलतो आणि पुण्याहून निघालेला धाकटा मुलगा वाटेतूनच फोनवर ‘मी येईपर्यंत काहीही काढू नका’ असे बजावतो. ज्या बाईने त्या माणसाबरोबर चाळीस-पन्नास वर्षे संसार केला आणि ज्या सुनेने वर्षभर त्याचे अंथरूण आवरले, त्या दोघी भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेल्या असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. आजारी माणसाला तर विचारण्याची वेळच निघून गेलेली असते.

मी नुकतेच माझे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात तो कागद, रीतसर करून घेतला. निवृत्त प्राध्यापकाला आता हे काय नवीन खूळ सुचले, असे काहींना वाटले. ‘सर, तब्येत बरी हाय ना?’ असे दोघा-तिघांनी काळजीने विचारलेसुद्धा. तब्येत बरी आहे, आणि बरी असतानाच हा कागद करता येतो, कारण तो करणारा माणूस सज्ञान, शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली नसलेला असावा लागतो. शेतीचे वाटप, घराचा उतारा, बँकेतले वारस ही कामे आमच्याकडे लोक उशिरा का होईना करतात. मात्र स्वतःवर शेवटी कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे सांगून ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. संपत्तीचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हा कागद माणूस हयात असताना, पण बोलू शकत नसताना वाचायचा असतो, आणि त्यात जमीनजुमल्याचा एक शब्दही नसतो.

‘असले निर्णय आपण घेऊ नयेत, ते देवाच्या हाती’ असे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी घाटीच्या दारात एक दिवस उभे राहून पाहावे असे वाटते. उपचार थांबवण्याचा निर्णय आमच्या भागात रोज होतो. तो बहुतेक वेळा पैशावर ठरतो. जमवलेले पैसे संपतात, उसनवारी संपते, सोने सावकाराकडे जाते आणि मग एका संध्याकाळी नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ अशा कागदावर सही करतात. रुग्णवाहिकेत कुणीतरी श्वास देण्यासाठी हाताने फुगा दाबत बसतो, गाव आले की नळी काढली जाते आणि तोंडात गंगेचे पाणी घातले जाते. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. घरी, आपल्या माणसांत जाण्यात काहीच वाईट नाही, उलट पुष्कळांना तेच हवे असते. वाईट हे की हा निर्णय नाइलाजाने होतो, अपराधी भावनेने होतो, आणि वेदना व धाप कमी करणारे कुठलेही औषध बरोबर न देता होतो. याच्या उलट टोकाला, ज्या घरात पैसा आहे तिथे कुणाचीच ‘आता पुरे’ म्हणण्याची छाती होत नाही, कारण म्हणणाऱ्यावर ‘पैशासाठी बाप मारला’ असा ठपका येतो आणि तो तेराव्याच्या पंगतीपासून पुढच्या पिढीच्या सोयरिकीपर्यंत पुरतो. दोन्हीकडे निर्णय होतोच. ज्याच्याबद्दल तो होतो, त्याचे मत तेवढे त्यात नसते.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर २०१५ मध्ये न्यूमोनियाने मृत्यू होईपर्यंत त्या जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, मात्र त्याच निकालात, कठोर अटींवर, निरर्थक ठरलेले उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा केला. पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या २००५ सालच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला की सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि त्यासाठी माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. त्या निकालातील कार्यपद्धती मात्र इतकी किचकट होती की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी मिळवण्यातच सामान्य माणूस थकावा. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती सोपी केली, आणि आज जो कागद आपण करू शकतो तो त्या सुधारित पद्धतीप्रमाणे.

विषप्रयोगाने किंवा इंजेक्शनने मृत्यू घडवून आणणे आजही गुन्हाच आहे आणि या कागदाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण पहिला गैरसमज तोच होतो. दुसरी गोष्ट अशी की शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस स्वतःवरचा उपचार कधीही नाकारू शकतो. त्याला कुठलाही कागद लागत नाही. कागद लागतो तो आपण बोलू-समजू शकत नसू तेव्हासाठी, आणि तोही आजार बरा होण्याची आशा उरलेली नसेल तरच.

कागदाचे स्वरूप साधे आहे. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा सुरू असल्यास थांबवावेत हे निःसंदिग्ध शब्दांत लिहायचे, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो स्वतंत्र, म्हणजे हितसंबंध नसलेले असावेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करायचे. तालुक्याच्या गावी नोटरी न्यायालयाच्या आवारात बसलेलेच असतात. राजपत्रित अधिकारी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर थेट तहसीलदार येतात, पण आपला पशुधन विकास अधिकारीसुद्धा राजपत्रित असतो. गुरांच्या दवाखान्यात जाऊन आपल्या अखेरच्या उपचारांचा कागद साक्षांकित करून घेण्यातली गंमत मला अनुभवायची होती, पण घरच्यांनी ती होऊ दिली नाही.

खरा भाग यापुढचा. या कागदात आपल्या वतीने संमती देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे लागते, आणि २०२३ च्या सुधारणेनंतर अशी एकाहून अधिक नावे देता येतात. ती व्यक्ती पालक किंवा जवळचा नातेवाईक असावी असे निकालाचे शब्द आहेत. मी कागदाच्या मजकुरावर जेवढा वेळ घालवला नाही तेवढा या नावांवर घालवला, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की हा कागद मुळात या नावासाठीच करायचा असतो. कारण आजार काही आपल्या मजकुराप्रमाणे येत नाही. आपण व्हेंटिलेटरबद्दल लिहून ठेवावे आणि प्रश्न डायलिसिसचा यावा, असे सहज घडू शकते. अशा वेळी मजकूर अपुरा पडतो, आणि ‘हे असते तर काय म्हणाले असते’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा माणूसच कामाला येतो.

मग तो माणूस कोण? आमच्या भागातले उत्तर ठरलेले आहे: थोरला मुलगा. अग्नी तो देणार, म्हणून निर्णयही त्याचाच. मला या न्यायात दोष दिसतो. अग्नी देण्याला अधिकार लागतो, आणि या कामाला तीन वेगळेच गुण लागतात. त्याला आपले मन माहीत हवे, आपले मत त्याच्या मताविरुद्ध असले तरी ते मांडण्याइतका प्रामाणिकपणा हवा, आणि व्हरांड्यातल्या आरड्याओरड्यात उभे राहण्याची ताकद हवी. जो आपल्यावर सर्वांत जास्त प्रेम करतो तो पुष्कळदा या तिसऱ्या परीक्षेत नापास होतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. बापाच्या नाकातली नळी काढायला हो म्हणणे ज्याला आयुष्यभर छळेल, त्याच्यावर ते ओझे टाकणे मला क्रूरपणाचे वाटते. शिवाय तो जवळ राहणारा हवा. रात्री दोन वाजता डॉक्टर समोर उभे असताना निर्णय पुण्याच्या किंवा परदेशाच्या फोनवर टांगून ठेवता येत नाही. तो शिकलेला हवा असे लोक म्हणतात. मला ते तितके महत्त्वाचे वाटत नाही. प्रश्न विचारायला न घाबरणारा हवा.

मी पहिले नाव पत्नीचे घातले आणि दुसरे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे. ती लातूरला शिक्षिका आहे, माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात तिने सर्वांत जास्त दिवस दवाखान्यात काढले होते, आणि तेव्हा डॉक्टरांना ‘या तपासणीने आजोबांच्या उपचारात काय फरक पडणार आहे?’ हा प्रश्न घरातल्या इतक्या माणसांपैकी तिने एकटीनेच विचारला होता. थोरल्या मुलाला हे कळल्यावर तो दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, आम्ही दोघं भाऊ असताना ताईचं नाव? लोक काय म्हणतील?’ मी त्याला म्हणालो, ‘लोक काही म्हणाले तर ते तुला म्हणणार नाहीत, यासाठीच तिचं नाव आहे.’ त्याला ते पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर तो, सूनबाई, त्याची आई, भाची आणि मी असे पाच जण एकत्र बसलो, फोनवर धाकटाही होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात माझ्या मरणाबद्दल रडारड न करता बोलणे झाले. सूनबाईंनी मध्येच एक प्रश्न विचारला जो मला सुचला नव्हता: तुम्ही शुद्धीवर नाही, पण त्रासही होत नाही, आणि नळीने दिलेल्या अन्नावर वर्षानुवर्षे जगू शकता, असे झाले तर? त्या एका प्रश्नासाठी मला एक परिच्छेद नव्याने लिहावा लागला. भाचीलाही तिची तयारी आहे का, हे मी आधी विचारले होते. न विचारता नाव घालणे म्हणजे एखाद्याला न सांगता जामीन करून ठेवण्यासारखे आहे.

मजकुराबाबत एक इशारा द्यायला हवा, आणि तो खास आमच्या भागासाठी आहे. ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका’ एवढेच वाक्य कुणीही लिहू नये. मराठवाड्यात फवारणीच्या औषधाची विषबाधा आणि सर्पदंश या दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत. कीटकनाशकाच्या विषबाधेत किंवा मण्यार-नागाच्या दंशात श्वासाचे स्नायू काही काळ काम करीत नाहीत. तेवढे दिवस यंत्राने श्वास दिला, विषाचा उतारा दिला, तर तो माणूस उठून घरी जातो आणि पुढच्या हंगामात शेतात दिसतो. ‘मशीनवर टाकले म्हणजे संपले’ ही आमच्याकडची समजूत अशा रुग्णांचा जीव घेते. म्हणून मी लिहिले ते असे: माझा आजार बरा होण्याजोगा नाही आणि मी पुन्हा माणसे ओळखून बोलण्याच्या स्थितीत येण्याची वाजवी शक्यता नाही, असे तज्ज्ञांचे मत झाल्यास यंत्राने श्वास देणे, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणे, डायलिसिस आणि नळीने अन्न देणे हे करू नये, शंका असेल तर ठराविक मुदतीपुरते उपचार करून पाहावेत आणि सुधारणा नसल्यास थांबवावेत. त्याखाली स्वतंत्र ओळीत, ठळक अक्षरांत: वेदना, धाप आणि अस्वस्थता यांवरचे उपचार कोणत्याही परिस्थितीत थांबवू नयेत, त्यांच्यामुळे मला गुंगी आली तरी चालेल. ही शेवटची ओळ फार गरजेची आहे, कारण ‘उपचार नको’ याचा अर्थ आपल्याकडे ‘आता काहीच नको’ असा घेतला जातो. तीव्र वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनवरचे निर्बंध शिथिल करणारी दुरुस्ती अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये झाली, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते मिळणे आजही अवघड आहे. ते कुठे मिळते याची चौकशी आजारी पडण्याआधी करून ठेवावी.

धर्माचा आक्षेप घेणाऱ्यांपैकी काहींनी उलट बाजूनेही मला गाठले. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचे व्रत, घेतली, पैठणला एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला, सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन, म्हणजे अन्नत्याग करून देहत्याग, केले, मग तुमच्या कागदात नवीन ते काय, असा त्यांचा प्रश्न. या परंपरांपुढे मी नम्र आहे, पण त्यांच्याशी माझ्या कागदाची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. तिथे समर्थ माणूस, पूर्ण शुद्धीत, साधना किंवा जीवनकार्याची समाप्ती म्हणून देह सोडतो. इथे एक सामान्य गृहस्थ एवढेच म्हणतो आहे की मृत्यू आलाच असेल तर त्याला यंत्रांनी दारात अडवून धरू नका. माझ्या अंगी वैराग्य नाही. मला अजून दोन उन्हाळे तरी आंबे खायचे आहेत.

कागद झाल्यावर त्याची एक प्रत नेमलेल्या व्यक्तींना, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याला द्यायची असते. ती जतन करणारा कस्टोडियन त्या संस्थेने नेमायचा आहे. ही तरतूद कागदावरच राहत असल्याचे पाहून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर राज्यात चारशेहून अधिक कस्टोडियन नेमल्याचे शासनातर्फे सांगण्यात आले. मी माझ्या गावच्या कार्यालयात गेलो तेव्हा मात्र खिडकीतल्या कर्मचाऱ्याने कागद वाचला, मला नखशिखान्त पाहिले आणि ‘मृत्यूची नोंद शेजारच्या खिडकीत’ असे अदबीने सांगितले. हसू आले, पण त्याचा राग आला नाही; त्याला कुणी काही सांगितलेलेच नव्हते. आवक-जावक विभागात प्रत देऊन पोचेचा शिक्का घेतला आणि तो माझ्या मूळ प्रतीला जोडला. ज्यांना अशीच खिडकी भेटेल त्यांनी वाद न घालता पोच तेवढी घ्यावी.

दवाखान्यातली कार्यपद्धती अशी आहे की उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. मग रुग्णालय दुसरे मंडळ नेमते, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात, आणि तेही शक्यतो ४८ तासांत निर्णय देतात. दोन्ही मंडळांचे एकमत आणि नेमलेल्या व्यक्तींची संमती असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून निर्णय अमलात येतो. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. इच्छापत्र नसेल तरीही कुटुंबाच्या संमतीने साधारण याच मार्गाने जाता येते, पण मग व्हरांड्यातली सभा आलीच.

हिशेब केला तर दोन मंडळांत मिळून चार तज्ज्ञ, शिवाय उपचार करणारे डॉक्टर आणि जिल्ह्याचा प्रतिनिधी एवढे लोक लागतात. घाटीत किंवा अंबाजोगाईला हे जमू शकते. ज्या तालुक्यात एकच फिजिशियन आहे तिथल्या वीस खाटांच्या दवाखान्यात ते कसे जमणार, हा प्रश्न निकालाने सोडवलेला नाही. म्हणून ग्रामीण भागातल्या माणसासाठी या कागदाचा जास्त उपयोग मला वेगळाच दिसतो. बरा न होणारा आजार हळूहळू वाढत असताना, शुद्धीवर असतानाच, ‘आता मला पुन्हा अतिदक्षता विभागात नेऊ नका, घरीच त्रास कमी करा’ असे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते, आणि हा कागद व तो नेमलेला माणूस त्या ठरावाला आधार देतात.

घरी मृत्यू आला तर पोलिसांची भानगड होईल, या भीतीने पुष्कळ लोक शेवटच्या घटकेला रुग्णवाहिका बोलावतात आणि सगळे ठरलेले मोडते. आजाराने घरी आलेल्या मृत्यूत पोलिसांचा प्रश्न येत नाही. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र द्यायचे आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची, एवढेच आहे. त्यासाठी असा डॉक्टर आधी असावा लागतो, जो घरी येऊन पाहील आणि सही करील. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी तसे विचारून ठेवले आहे, ते हो म्हणाले आहेत, आणि त्यांचे नाव व फोन नंबर इच्छापत्राच्या पहिल्याच पानावर, भाचीच्या नंबराखाली लिहिलेले आहेत.